मिरजेत न झालेल्या मैफलीची वर्गणी

सांगली-मिरज परिसरातील संगीतरसिकांकडून गेल्या हिवाळ्यात ‘लोकवर्गणीतून मैफल’ या नावाखाली ऑनलाइन पैसे गोळा करण्यात आले. मैफल झाली नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. पैसे भरणाऱ्यांत मीही होतो. तीच जाहिरात आता दुसऱ्या शहरांच्या नावाने फिरू लागली आहे, म्हणून हा प्रकार कसा घडवून आणला गेला ते सविस्तर लिहीत आहे.

मूळ कल्पनेत काही खोट नाही. रिओ दि जानेरोमध्ये २०१० साली काही मित्रांनी ‘केरेमोस’ या नावाने असाच उपक्रम सुरू केला होता. माइक स्नो हा स्वीडिश बँड आपल्या शहरात यावा म्हणून त्यांनी चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेतले आणि पुढे साधी तिकिटे खपली तशी ती रक्कम परत केली. आमच्याकडे आलेल्या जाहिरातीतही ‘ठरलेली रक्कम जमली नाही तर पूर्ण पैसे परत’ असेच आश्वासन होते. मात्र रक्कम जमेपर्यंत पैसे तिऱ्हाईताच्या ताब्यात राहिले, तरच अशा आश्वासनाला अर्थ असतो. येथे ते थेट एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यात जात होते आणि किती रक्कम जमली हे दाखवणारी पट्टी त्याच व्यक्तीच्या हातात होती.

जाहिरात लिहिणाऱ्याला या भागाची चांगली माहिती असावी. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे १९३७ साली निधन झाल्यावर त्यांचे दफन मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे गायन-वादन होते, याचा तीत आवर्जून उल्लेख होता. त्याखाली एका नामवंत गायकाचे छायाचित्र आणि ‘संमती मिळाली आहे’ एवढे एकच वाक्य होते. साथीला तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, याचा कोठेही उल्लेख नव्हता. बिदागी खरोखर ठरवलेल्या आयोजकाला ही नावे माहीत नसणे जवळजवळ अशक्य आहे.

त्याहून बोलका तपशील वेळेचा होता. खुल्या मैदानात रात्री साडेनऊला आरंभ आणि भैरवी पहाटे, असे छापले होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि राज्य सरकार वर्षातील मोजक्या दिवसांपुरती जी सवलत देते तीही मध्यरात्रीपर्यंतचीच असते. रात्रभर चालणाऱ्या मैफली याच नियमामुळे संपल्या, याची हळहळ आमच्या पिढीला आहे, आणि जाहिरातीने नेमका त्या हळहळीचाच फायदा घेतला. मैदानाच्या भाड्याची पावती किंवा पोलीस परवान्याचा अर्ज दाखवा, असे वर्गणीदारांच्या ऑनलाइन गटातील एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, तेव्हा त्यांना गटातूनच काढून टाकण्यात आले.

वर्गणी पाचशे रुपयांपासून होती. पट्टी काही आठवडे हळूहळू सरकली आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. मग ‘थोडक्यासाठी मैफल हुकणार’ असे निरोप सुरू झाले, आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांनीच पहिली रक्कम वाया जाऊ नये म्हणून पुन्हा भरले. माझ्या मते सगळ्या योजनेचा कणा हाच होता, कारण नवा माणूस शंका घेतो, पण ज्याचे पैसे आधीच गुंतले आहेत तो स्वतःच इतरांना आग्रह करू लागतो.

पुढे गायकांची प्रकृती बिघडल्याचे कळवण्यात आले. परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगण्यात आले आणि त्यात काहींच्या खात्यातून आणखी रक्कम गेली. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो फक्त पैसे देताना लागतो. त्याच सुमारास एका सभासदाने गायकांच्या शिष्यवर्गाकडे चौकशी केली, तेव्हा प्रकृती उत्तम असल्याचे आणि मिरजेच्या कार्यक्रमाबद्दल त्यांच्याकडे कोणी विचारणाही केली नसल्याचे समजले.

‘पाचशे रुपयांसाठी पोलीस ठाण्यात कोण जाणार’ हा विचार अशा माणसांच्या पथ्यावर पडतो. आम्ही सर्वांचे व्यवहार क्रमांक, तारखा आणि निरोपांची छायाचित्रे एकत्र करून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीला लागू होते आणि रक्कम लहान असली तरी तक्रार घेतली जाते. मात्र या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम बँकेत रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. आमचे बहुतेक पैसे तोपर्यंत पुढच्या खात्यांत वळवले गेले होते.

नव्या जाहिरातीत गायकांचे छायाचित्र तेच आहे आणि मैफलीची वेळही रात्री साडेनऊचीच आहे. फक्त यूपीआय खाते बदललेले आहे. ज्यांनी त्यात वर्गणी भरली असेल त्यांनी परताव्याच्या निरोपाची वाट न पाहता आजच १९३० वर कळवावे.