उजनीच्या फुगवट्यातील पक्षीदर्शनाची होडी: सोलापूरकरांसाठी परीक्षण

सोलापूरहून पुण्याच्या दिशेने सुमारे दीडशे किलोमीटरवर, भिगवण आणि कुंभारगावच्या परिसरात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर स्थानिक मच्छीमार पक्षी दाखवण्यासाठी होड्या चालवतात. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी ओसरू लागले की गाळाची उथळ मैदाने उघडी पडतात आणि तिथे रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चित्रबलाक व थापट्या बदकांचे थवे जमतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही या होड्यांतून फिरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, येथील सेवेचा दर्जा होडीवर नव्हे, तर ती कुठे थांबवायची हे जाणणाऱ्या नावाड्यावर ठरतो.

जानेवारीतील आमचा नावाडी या कसोटीला पूर्णपणे उतरला. थवा दिसताच त्याने बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले आणि लांब बांबू गाळात रेटत होडी तिरकी, अगदी सावकाश पुढे नेली. रोहित पक्षी डोके उलटे करून, चोचीची वरची बाजू खाली ठेवून पाणी गाळत खातो, त्यामुळे चरणाऱ्या थव्याच्या माना खाली असतात. कडेच्या चार-पाच पक्ष्यांनी माना ताठ केल्या, तसा नावाड्याने बांबू रोवला आणि म्हणाला, ‘‘आता फुडं नको ताई, चरू द्या त्यास्नी.’’ पुढच्या काही मिनिटांत त्या माना पुन्हा खाली गेल्या आणि थवा चरत चरत आपणहून आमच्या बाजूला सरकला. उडणाऱ्या थव्याच्या छायाचित्रासाठी पक्षी मुद्दाम उठवून देण्याची मागणी काही प्रवासी करतात. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबांना केवळ आपल्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा उडवणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि ती मागणी नाकारणारा नावाडी ठरलेल्या भाड्यापेक्षा अधिक पैशांना पात्र आहे.

एप्रिलमधील अनुभव मात्र वेगळा होता. पाणी उतरल्यावर जलाशयात खडकाळ बेटे वर येतात आणि नदी सुरय व टिटव्या तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. सहप्रवाशांच्या आग्रहामुळे दुसऱ्या एका नावाड्याने होडी अशा एका बेटाला लावली. सुरयांनी कर्कश ओरडत डोक्यावर झेपा घ्यायला सुरुवात केली. हातभर अंतरावर, दोन चपट्या दगडांच्या मधल्या खळग्यात, वाळूच्या रंगाची तपकिरी ठिपक्यांची अंडी होती, इतकी बेमालूम की नजर हलवली की ती पुन्हा सापडत नव्हती. आपल्याकडचे एप्रिलचे ऊन कसे असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या उन्हात सुरयाची जोडी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते, त्यामुळे ती घरट्यावरून उठली की काही वेळातच आतला जीव संपू शकतो. आम्ही काही जणांनी ठामपणे सांगितल्यावर होडी परत निघाली, पण मुळात ती तिथे लागायलाच नको होती.

विणीच्या जागा माणसांच्या पायांपासून जपणे इतरत्र नियमाने साधले आहे. उत्तर अटलांटिकमधील पफिन हा पक्षी समुद्री बेटांवर जमिनीत बीळ करून राहतो आणि विणीच्या एका हंगामात एकच अंडे घालतो. वेल्समधील स्कोमर बेटावर दिवसाला २५० पर्यटकांनाच प्रवेश मिळतो आणि त्यांना आखलेल्या वाटेवरूनच चालावे लागते, कारण वाट सोडली तर पायाखाली बिळाचे छत ढासळते. अमेरिकेतील मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉक बेटावरून शिकारीमुळे पफिन नाहीसे झाले होते. १९७३ पासून कॅनडातील न्यूफाउंडलंडची पिल्ले तिथे आणून वाढवण्यात आली, मोठी झालेली पाखरे परत उतरावीत म्हणून खडकांवर लाकडी पफिन मांडण्यात आले आणि १९८१ मध्ये तिथे पुन्हा वीण सुरू झाली. आज प्रवासी बोटी त्या बेटाभोवती फेरी मारून परततात, किनाऱ्याला लागत नाहीत. उजनीत हे करायला पैसा लागत नाही, फेब्रुवारी ते जून या काळात कोणत्याही बेटावर माणूस उतरवायचा नाही एवढे होडीवाल्यांनी आपसात ठरवले तरी पुरे आहे.

सुरक्षेबाबत तडजोड करू नये. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. आम्हाला दोन्ही वेळा लाइफ जॅकेट मिळाले, पण ते अंगात घालण्याचा आग्रह फक्त पहिल्या नावाड्याने धरला. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, म्हणून पहाटेचीच फेरी घ्यावी. त्यासाठी सोलापूरहून आदल्या रात्री मुक्कामाला जाणे सोयीचे पडते. जेवणात ज्वारीची भाकरी आणि चिलापीचे कालवण उत्तम होते. स्वच्छतागृहाची सोय मात्र, विशेषतः स्त्रियांसाठी, सुधारायला हवी.

नोव्हेंबर ते जानेवारीसाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. त्यानंतर जाणाऱ्यांनी फोनवर भाडे ठरवण्याआधीच, बेटावर होडी लावणार नाही ना, हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर गोलमाल आले तर दुसरा नावाडी शोधावा.