आठ महिने एफएम सिंथ वापरल्यावर

एफएम सिंथ म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवणारं वाद्य. सहा ऑपरेटरांचा, म्हणजे साधी लहर काढणाऱ्या सहा घटकांचा, हा सॉफ्टवेअर सिंथ घेऊन आठ महिने झाले. कोणता ते महत्त्वाचं नाही. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ ची घडण उचललेले सगळे थोड्याफार फरकाने असेच. सहा ऑपरेटर, ते एकमेकांना जोडायच्या ३२ रचना म्हणजे अल्गोरिदम, आणि आवाजातला काही भाग गाळणारा फिल्टर नावाला नाही.

पहिले दोन महिने फुकट गेले, दोष माझाच. फिल्टरवाल्या सिंथची सवय, त्यामुळे दिसेल तो आकडा हलवायचो आणि चांगल्या पियानोचा पत्रा व्हायचा. शेवटी वैतागून चार ऑपरेटर बंद केले. एक कॅरिअर (जो ऐकू येतो), एक मॉड्युलेटर (जो त्याला हलवतो) घेऊन बसलो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

कॅरिअरच्या आकड्यात मॉड्युलेटरचा आकडा पुन्हा पुन्हा मिळवला आणि वजा केला की नवे सूर कळतात. दोन्ही २०० हर्ट्झवर ठेवले की ४००, ६००, ८०० असे सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराचे पट, येतात. मॉड्युलेटर ४०० केला की विषम पटच उरतात, २००, ६००, १०००. आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ. गुणोत्तर १.४ केलं, म्हणजे मॉड्युलेटर २८०, तर वर ४८०, ७६०, आणि शून्याखाली गेलेले सूर उलटून ८०, ३६०. यातला एकही २०० च्या पटीत नाही, आणि घंटा वाजते! वहीत बेरीज-वजाबाकी करून मग ऐकायचं, यात मला वाजवण्याइतकीच मजा आली.

पण जीव आहे तो मॉड्युलेटरच्या एन्व्हलपमध्ये, म्हणजे सूर वाजताना पातळी कशी चढते-उतरते त्यात. कॅरिअरचा एन्व्हलप आवाज लहान-मोठा करतो, मॉड्युलेटरचा त्याचा रंग बदलतो. मॉड्युलेटरचा झटकन उतरवला की आघात मिळतो, सावकाश चढवला की ब्रास. मॉड्युलेटरला व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते) जोडली की जोरात वाजवलेला सूर नुसता मोठा नाही, धारदारही होतो. इलेक्ट्रिक पियानोची गंमत हीच.

एफएमचं हे तंत्र शोधणारे संगीतकार जॉन चौनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ते सापडलं ते व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, वाढवत नेताना. मीही मॉड्युलेटर ५ हर्ट्झवर ठेवून तिथून हळूहळू वेग वाढवला. एका टप्प्यावर थरथर ऐकू येईनाशी होते आणि तिच्या जागी नवाच रंग उभा राहतो. हा प्रयोग पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

आता कुरबुरी. ऑपरेटरच्या लेव्हलचा (पातळीचा) ० ते ९९ हा आकडा फसवा आहे: खालचा बराचसा भाग जवळपास मुका, ८० च्या पुढे मात्र एकेक पायरी बोचते. एन्व्हलपच्या रेटमध्ये (वेगात) ९९ म्हणजे सर्वात जलद, हे मी अजून उलटं करतो. वरच्या सप्तकात आवाज किरकिरा होतो; तिथे मॉड्युलेटरची पातळी कीबोर्ड स्केलिंगने, म्हणजे पट्टीच्या जागेनुसार, उतरवावीच लागते. ऊबदार, भरीव पॅड (मागे लांबत राहणारे आवाज) मला यात जमले नाहीत. त्यासाठी जुना फिल्टरवाला सिंथच उघडतो.

बाकी चार ऑपरेटर? दोन परत सुरू केलेत. उरलेले दोन अजून बंदच आहेत.