मासा आजारी की पाणी खराब? औषध टाकण्याआधी ताडून बघा

टाकीतले मासे मलूल दिसले की आपण थेट दुकान गाठतो आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन येतो. नवीन माणसाने आधी ठरवायचं असतं ते वेगळंच: बिघाड माशात आहे की पाण्यात? माझ्या मते पहिले पैसे अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष, तपासायच्या किटवर घालावेत, औषधाचं नंतर बघावं.

किटशिवायही एक खूण हाताशी आहे: किती मासे आणि किती वेळात. रात्री नीट खाणारे मासे सकाळी सगळेच वर येऊन तोंड वासत असतील, तर संशय पाण्यावर घ्या. प्राणवायू कमी पडलाय, अमोनिया साचलाय, नाहीतर नळाचं पाणी क्लोरीनसकट ओतलं गेलंय. रोगाची चाल वेगळी. तो बहुधा एकदोघांपासून सुरू होतो आणि काही दिवसांत पसरतो. एकटाच मासा धापा टाकतोय नि बाकीचे खुशाल आहेत, तर त्याच्या कल्ल्यांत परजीवी असू शकतात.

मराठवाड्यात पाण्याकडे आधी बघायला आणखी कारणं आहेत. 20 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. मे महिन्यात रात्री लाईट गेली, एअर पंप बंद पडला की गर्दीच्या टाकीत मासे लगेच वर येतात. शिवाय आपलं बोअरचं पाणी जड, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) बहुतेक ठिकाणी 7 च्या वर. पीएच 8 असेल तर 7 च्या मानाने अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायूही कमी असतो. टबमध्ये काढून रात्रभर पंप लावा. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्याला अँटीक्लोरीन हवंच. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, तेव्हा पाणी सकाळीच बदलावं.

किटमध्ये पट्टी घ्यावी की थेंबांची? पट्टी झटपट, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाची चाचणी नसतेच. थेंबांच्या किटला काही मिनिटं थांबावं लागतं आणि रंग उजेडात जुळवावा लागतो, तरी मी तेच घ्या म्हणेन. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) दोन्ही शून्य हवेत. टाकी मांडून महिना-दीड महिनाच झाला असेल तर ते चढलेले सापडण्याची शक्यता जास्त. मग औषध नको. निम्मं पाणी बदला, एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, वाया जात नाही. अशा वेळी मेथिलिन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, टाकलं तर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया आणखी चढतो.

पाणी ठीक निघालं तर मग मासा न्याहाळा. अंगावर नि परांवर कुठेही विखुरलेले, रवा भुरभुरल्यासारखे ठिपके आणि मासा खडीला अंग घासतोय, तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पण गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला बारीक दाणे दिसले, तर तो वयात आलेला नर आहे. त्याला काही झालेलं नाही, त्याला औषध देऊ नका.

फाटलेल्या परांचंही तसंच. कड स्वच्छ असेल तर कुणीतरी चावतंय. कड पांढुरकी किंवा लालसर होऊन झिजत असेल तर पर कुजताहेत. पोट फुगलंय पण खवले सपाट, तर एक-दोन दिवस उपाशी ठेवून बघा. वरून पाहताना खवले उभे राहिलेले दिसले तर मात्र मासा वाचण्याची आशा थोडी. त्याला वेगळं ठेवा.

इक असेल तर मीठ की औषध? लिटरमागे 1 ते 2 ग्रॅम जाडं मीठ स्वस्त पडतं, पण झाडांना आणि कोरीडोरससारख्या माशांना ते मानवत नाही. मॅलॅकाइट ग्रीनच्या औषधाचा गुण लवकर येतो. ते घालताना फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. अंगाला चिकटलेल्या ठिपक्याच्या आत औषध पोहोचत नाही, पाण्यात सुटलेले परजीवीच मरतात. म्हणून ठिपके गेले तरी बाटलीवर सांगितलेले दिवस पूर्ण करा.

मात्रा मोजताना टाकीचं पाणी अंदाजाने धरू नका. 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरची टाकी 54 लिटरची, पण वाळू, दगड नि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी 45 लिटरच्या आसपास भरतं. औषध त्या 45 लिटरचं घाला.