चियांग माईचा कुकिंग क्लास: जरूर करा, फक्त पॅड थाई निवडू नका

थायलंडला जाणारी आपली मंडळी बहुतेक करून बँकॉक-पट्टाया-फुकेत उरकून परत येतात, पण खाण्यासाठी जायचं असेल ना तर सरळ उत्तरेला चियांग माईला जा. जुन्या शहराभोवती खंदक आहे, त्याच्या आतबाहेर गल्लोगल्ली कुकिंग क्लास आहेत, अर्ध्या दिवसाचे हजार बाहटच्या आसपास. साचा सगळ्यांचा एकच, हॉटेलवरून गाडीत घालतात, आधी मंडई दाखवतात, मग करायचं आणि केलेलं तिथेच बसून खायचं. त्यामुळे आम्ही कुठला केला त्याचं नाव देत नाही, कारण खाली जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी लागू होईल.

मंडई म्हणजे सोमफेत मार्केट, छोटंसंच आहे, पण शिकवणारं कुणी सोबत असेल तर खरी मजा तिथेच. बाईंनी तुळशीच्या जातीच्या तीन जुड्या हातात दिल्या आणि वास घ्यायला लावला. होराफाला बडीशेपेसारखा वास, ती ग्रीन करीत जाते. मेंगलाक जरा लिंबासारखी, तिचं बी आपल्या सब्जासारखं भिजवून खातात. आणि तिसरी क्राफाव, ती म्हणजे चक्क आपली तुळस!! लसूण-मिरची ठेचून फिश सॉसवर चिकनचा किंवा पोर्कचा खिमा परतायचा, शेवटी मूठभर तुळस, भातावर घालायचं आणि वर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. माझ्या सासूबाईंना फोटो दाखवला तर त्या फक्त "असू दे" म्हणाल्या. पुढे कापीचा स्टॉल, म्हणजे कोलंबीची आंबवलेली पेस्ट, तिथे ग्रुपमधले बाकीचे नाक दाबून उभे. आपल्याकडे ज्यांच्या घरी सोडे-जवळा भाजतात त्यांना काहीच वाटणार नाही, उलट भूक लागेल.

आता निवडीचं. प्रत्येक गटातून एकेक पदार्थ घ्यायचा असतो आणि सगळे डोळे झाकून पॅड थाईवर टिक करतात. नका करू. आमच्या क्लासमध्ये चिंच, ताडगूळ, फिश सॉस सगळं आधीच मिसळून वाटीत तयार होतं, आपण फक्त नूडल्स हलवायच्या, मग शिकलो काय? दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला तेव्हाचे पंतप्रधान फिबुन सोंगखराम यांच्या सरकारने लोकांनी नूडल्स खाव्यात म्हणून याचा जोरात प्रचार केला, तेव्हापासून तो देशभर पसरला, चवीला वाईट नाहीच, पण आता पुण्या-मुंबईत कुठेही मिळतो. त्याऐवजी ते तुळस घातलेलं क्राफाव घ्या, आणि करीमध्ये खाव सोय (नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स) असेल तर तेच.

करीचा भाग मात्र एक नंबर. नारळाचं दूध आपल्याला नवीन नाही, पहिलं जाड दूध, दुसरं पातळ, हे कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. पण आपण दूध शेवटी घालतो आणि फुटू नये म्हणून जीव टाकतो, हे लोक मुद्दाम फोडतात. कढईत नुसतं जाड दूध, मोठी आच, ते आटत आटत कडेने बुडबुडे जाड व्हायला लागतात, आवाज बदलतो आणि वर तेलाचा तवंग येतो, मग त्या तेलात पेस्ट परतायची. हिरवी पेस्ट पडली की आधी मिरचीचा ठसका, मग गवती चहाचा आणि थाई लिंबाच्या पानांचा वास वर येतो आणि तेल हिरवं होतं, तेव्हाच चिकन टाकायचं आणि पातळ दूध त्यानंतर. बाई घाई करू देत नव्हत्या, माझी कढई बघून दोनदा "नॉट येट" म्हणाल्या. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

तक्रार एकच. पेस्ट कुटायला सगळ्यांत मिळून एकच दगडी खल, प्रत्येकाने चार दणके द्यायचे, फोटो काढायचा आणि मग कढईत पडली ती बरणीतली. तसं तिथले लोकही बाजारातून वजनावर तयार पेस्ट नेतात, त्यात काही कमीपणा नाही, पण जाहिरातीत "स्वतः पेस्ट बनवा" लिहिलं होतं म्हणून खटकलं. शिवाय तिखट फारच कमी ठेवतात, सोमतामला, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला, त्यांनी एक मिरची घेतली, मी आणखी मागून घेतल्या.

खाव सोय आमच्या यादीत नव्हतं, ते नंतर नाइट बझारजवळ खाव सोय इस्लाममध्ये खाल्लं. चीनच्या युनान प्रांतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी याचं नातं सांगतात आणि दुकान त्यांच्याच मशिदीच्या गल्लीत आहे. अंड्याच्या नूडल्स, नारळाचा हळद-मसाल्याचा रस्सा, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा छोटा कांदा, लिंबू. ते लोणचं सोडू नका, त्याच्याशिवाय रस्सा जड होतो.

प्यायला क्लासमध्ये गोकर्णाच्या फुलांचं निळं सरबत दिलं, लिंबू पिळलं की जांभळं होतं, चवीला यथातथाच, मुलं खूश. चा येन म्हणजे तो केशरी दुधाचा थंड चहा भयंकर गोड, कमी साखरेचा मागा.

घरी आल्यावर काय जमतं? माएस्री कंपनीचा करी पेस्टचा ११४ ग्रॅमचा छोटा डबा चांगला आहे, चार जणांना पुरतो, पण खारट असतो म्हणून फिश सॉस शेवटी चाखूनच घाला. नारळाचं दूध पॅकचं असेल तर इमल्सिफायर (दूध फुटू न देणारा पदार्थ) नसलेलं बघा, नाहीतर कितीही आटवा, तवंग येत नाही, मग सरळ चमचाभर तेल घाला. ताडगुळाऐवजी गोव्याचा माडाचा गूळ मस्त चालतो. गवती चहाची मात्र पानं नकोत, खालचा पांढरा दांडा लागतो, तो भाजीवाल्याला वेगळा सांगून ठेवावा लागतो. मँगो स्टिकी राइसला इंद्रायणी वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चिकट असला तरी तो भात वेगळा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा की फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि पेस्टमधली कोलंबीसुद्धा नको, कारण नुसतं "नो मीट" म्हटलं तर हे तिन्ही येतंच. बाहेर खाताना पिवळ्यावर लाल थाई अक्षरांत "जे" (เจ) लिहिलेली पाटी शोधा, तिथे मांस-मासे-अंडं-दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या जैन काकूंचं जेवण सगळ्यात कमी कटकटीत झालं, बटाटा तेवढा बघून घ्यायच्या.