लॅपटॉप ते मॉनिटर: एचडीएमआय, यूएसबी-सी की डॉक?

नवा मॉनिटर जोडला आणि पडदा काळाच राहिला. किंवा चित्र येतं, पण मधेच लुकलुकतं, माउस अडखळत सरकतो, अक्षरं पुसट दिसतात. अशा वेळी पहिला संशय मॉनिटरवर जातो, दुसरा लॅपटॉपवर. खरा गुन्हेगार बहुधा दोघांच्या मधे बसलेला असतो: केबल, अडॅप्टर किंवा हब. म्हणून मॉनिटर कोणता घ्यायचा हे ठरवतानाच तो कोणत्या मार्गाने जोडायचा हेही ठरवून टाका. प्रत्येक मार्गाची दुखणी वेगळी आहेत.

खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून घ्या. मॉनिटरच्या मेनूत सोर्स बरोबर निवडला आहे ना, हे पाहा. 'ऑटो' वर ठेवलेले मॉनिटर कधीकधी भलत्याच पोर्टवर वाट बघत बसतात. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. तरीही काळोख असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर मिटतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. मॅकवर डिस्प्ले सेटिंग उघडून ऑप्शन बटण दाबून धरलं की 'डिटेक्ट डिस्प्लेज' दिसतं. एवढ्यानं भागलं नाही, तर दोष जोडणीत शोधा.

आधी एचडीएमआय. २४ इंची १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर, एक्सेल, मेल, ब्राउझर एवढंच काम असेल आणि लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल, तर दुसरीकडे बघूच नका. १०८०पी चित्राला सेकंदाला साडेतीन गिगाबिटच्या आसपास जागा लागते आणि ती जुन्या केबललाही पेलते. अडचण ४के, म्हणजे १०८०पीच्या चौपट पिक्सेलांचा मॉनिटर आणला की सुरू होते. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं तर सुमारे साडेबारा गिगाबिट लागतात. एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीतून चित्रासाठी मिळतात जेमतेम आठ. मग लॅपटॉप गुपचूप ३० हर्ट्झवर (सेकंदाला ३० चित्रांवर) उतरतो आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. विंडोजच्या 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले' मध्ये रिफ्रेश रेट ३० दिसला, तर रोगनिदान झालंच. लॅपटॉपचा पोर्टच १.४ चा असेल, तर कितीही महागडी केबल आणली तरी आकडा हलणार नाही.

केबल घेताना पाकिटावरच्या '२.०' किंवा '२.१' वर भाळू नका. केबलची अधिकृत प्रतवारी वेगाच्या नावाने होते: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. ४के ६० हर्ट्झला प्रीमियम पुरते. लांबी मात्र कमी ठेवा. दोन मीटरवर निमूट चालणारं चित्र दहा मीटरच्या साध्या केबलवर लुकलुकू लागतं. (तुम्ही खुर्चीतून उठलात की पडदा क्षणभर काळा होतो? हा भास नाही. गॅस लिफ्टच्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेचा झटका निर्माण होतो आणि कमी आवरणाची केबल तो पकडते.)

मॉनिटरऐवजी टीव्ही जोडणाऱ्यांना एचडीएमआयचा आणखी एक जाच होतो. कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धवट दिसतो. ते लॅपटॉपवर दुरुस्त करत बसू नका; टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय असतो. रंग धुतल्यासारखे, काळा करडा दिसत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज 'लिमिटेड' वरून 'फुल' करा.

४के मॉनिटर असेल, तर माझं मत सरळ यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच मॉनिटरचा दुसरा पोर्ट) या एका केबलला. मधे हब नाही, रूपांतर नाही. यूएसबी-सी मधून जे चित्र जातं ते मुळात डिस्प्लेपोर्टचंच असतं. मॉनिटरलाही यूएसबी-सी असेल आणि तो ६५ वॉट देत असेल, तर बऱ्याच ऑफिस-लॅपटॉपांचं चार्जिंगही त्याच केबलमधून होतं.

पण इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं म्हणजे प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र येतंच असं नाही. स्वस्त लॅपटॉपांत तो नुसता डेटापुरता असतो. शेजारी डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल तर चित्र येणार. काही कंपन्या काहीच कोरत नाहीत, तेव्हा मॉडेल नंबरावरून कंपनीचं स्पेसिफिकेशन वाचा. दुसरं म्हणजे केबल. मोबाइल चार्जरसोबत आलेल्या बहुतेक केबलांमध्ये चित्र नेणाऱ्या तारा नसतातच. लॅपटॉप चार्ज होतो आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत राहतो, याचं कारण हेच.

डिस्प्लेपोर्टची एक खोड सांगून ठेवतो. बरेच मॉनिटर झोपले की लॅपटॉपला ते काढून टाकल्यासारखे वाटतात आणि सगळ्या खिडक्या छोट्या पडद्यावर येऊन कोंबल्या जातात. मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' बंद केल्यावर हे बऱ्याचदा थांबतं. एचडीएमआयवर हा त्रास कमी होतो. आणि दुकानात 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय' म्हणून मिळणारी साधी केबल एकाच दिशेने चालते: लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटं जोडलं तर काहीच दिसणार नाही. त्यासाठी वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर असतो.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र तिसऱ्या मार्गावर येतात: बोटभर जाडीचा, पाच-सात पोर्टांचा यूएसबी-सी हब. यूएसबी-सी मध्ये वेगवान डेटासाठी चार मार्गिका असतात. हबला पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्कही चालवायच्या असल्यामुळे तो दोन मार्गिका डेटाला देतो आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या हिशेबाने त्या दोघींतून साडेआठ गिगाबिटच्या वर काही जात नाही, म्हणजे पुन्हा ४के आणि ३० हर्ट्झ. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर तेरापर्यंत पोचतं आणि ६० हर्ट्झ कसाबसा बसतो. म्हणून पाकिटावर नुसतं '४के' लिहिलेलं असेल तर तो ३० चा समजावा. १०८०पी मॉनिटरसाठी यातलं काहीच आड येत नाही.

टेबलावर दोन मॉनिटर हवे असतील तर डॉकचा, म्हणजे टेबलावर ठेवायच्या मोठ्या हबचा, विचार करा, पण आधी लॅपटॉप कोणता ते बघा. विंडोजवर एका यूएसबी-सी मधून डॉक दोन वेगळी चित्रं काढू शकतो. तीच पद्धत मॅकओएसमध्ये दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवते. शिवाय साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. एम३ एअरला दुसरा चालतो, पण झाकण बंद ठेवून. एम४ एअरला झाकण उघडं असतानाही दोन चालतात. महागडा डॉक घेऊन ही मर्यादा हटत नाही.

एम१, एम२ वाल्यांना उरतो डिस्प्लेलिंक चिपचा डॉक. तो चित्र प्रोसेसरकडून दाबून (कॉम्प्रेस करून) घेऊन साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, म्हणून चिपची मर्यादा त्याला लागू होत नाही. बदल्यात वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि संरक्षित सिनेमे-मालिका त्या वेळी काळ्या दिसतात. कोड आणि कागदपत्रांना तो ठीक आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी मी सुचवणार नाही. कंपनीचा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर टाकायला आयटी विभाग परवानगी देतो का, हे डॉक घेण्याआधी विचारा.

अक्षरं पुसट दिसण्याचा जोडणीशी संबंध असेलच असं नाही. २७ इंची १०८०पी मॉनिटरवर इंचाला ८२ पिक्सेल येतात, २४ इंचीवर ९२. केबल बदलून हा फरक मिटणार नाही; २७ इंच हवा असेल तर १४४०पी घ्या. जुना व्हीजीए मात्र अपवाद आहे: तो अॅनालॉग असल्याने चित्र खरोखर पसरतं. मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबून पाहा, आणि एचडीएमआय असेल तर त्याच्याकडे वळा. वायरलेस जोडणी मीटिंगमधल्या सादरीकरणापुरती बरी. दिवसभर टाइप करायचं असेल तर अक्षर उमटायला लागणारा उशीर डोक्यात जातो.

केबल किंवा हब पुण्यात तपकीर गल्लीतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानदाराला एखादा ४के मॉनिटर जोडून दाखवायला सांगा. डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ दिसला की पैसे द्या.