दुसऱ्याचा जुना नंबर, माझं नवं सिम: इंदूरमधला काही महिन्यांचा अनुभव

घाईत वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते. पूर्वी कुणी वापरलेला नंबर फोन घ्यायला-करायला चालतो. बँक, आधार, यूपीआय यांना मात्र तो लगेच जोडू नका. आणि ज्यांचा नंबर बंद पडला आहे किंवा पडणार आहे, त्यांनी तर हे शेवटपर्यंत वाचाच, कारण खरा धोका त्यांना आहे.

फराळ आणि डब्यांच्या ऑर्डरींसाठी मला घरच्यापेक्षा वेगळा नंबर हवा होता. जेल रोडवरच्या एका दुकानातून आधार दाखवून, अंगठा देऊन, माझ्याच नावावर प्रीपेड सिम घेतलं. दुकानदाराने स्क्रीनवर काही नंबर दाखवले, त्यातला तोंडी सांगायला सोपा असलेला घेतला. सिम कोरं करकरीत होतं, पाकीटही बंद होतं. पण नंबर आधी दुसऱ्या कुणाचा होता, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि दुकानदारही सांगत नाही. त्यालाही ते माहीत नसतं.

यात बेकायदेशीर काहीच नाही. सलग ९० दिवस प्रीपेड नंबर वापरला गेला नाही आणि त्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद केल्यावर आणखी किमान ९० दिवस तो दुसऱ्याला देता येत नाही. एवढं झालं की तो परत विक्रीला येतो. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, तेव्हापासून आमच्या ओळखीतच कितीतरी घरांनी दुसरं सिम रिचार्ज करणं सोडून दिलंय. ते सगळे नंबर आज ना उद्या कुणाच्या तरी हातात जाणार.

सिम सुरू झालं त्याच संध्याकाळी एका बँकेचा एसएमएस आला: खात्यात पेन्शन जमा. शेवटचे चार आकडे, रक्कम, शिल्लक, सगळं. मला पेन्शन मिळत नाही आणि त्या बँकेत माझं खातंही नाही. मग विम्याच्या हप्त्याची आठवण आली. मग एका पॅथॉलॉजी लॅबची लिंक आली, 'आपला रिपोर्ट तयार आहे' म्हणून. लिंकवर पासवर्ड नव्हता. रिपोर्ट थेट उघडला आणि वर नाव, वय, खाली साखरेचे आकडे. एका अनोळखी माणसाला मधुमेह आहे हे मला कळलं, आणि ते त्याने मला सांगितलेलं नव्हतं. मी तो बंद केला, पण त्या रात्री डोक्यातून जाईना.

ट्रूकॉलर, म्हणजे फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप, त्यावर माझ्या नंबराला जुन्याच मालकाचं नाव दिसायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, चिवड्यासाठी फोन केला, पण नाव कुणा पुरुषाचं येतंय, बरोबर लागला ना?" ते मी ॲपमध्ये जाऊन बदलून घेतलं. हा त्रास किरकोळ.

व्हॉट्सॲपचं प्रकरण किरकोळ नव्हतं. नंबर टाकला, सहा आकडी कोड आला, खातं सुरू झालं आणि दोन ग्रुप समोर उभे राहिले. एक कुणाच्या तरी माहेरच्या मंडळींचा, दुसरा कॉलनीचा. जुने संदेश दिसत नव्हते, कारण ते फोनमध्ये राहतात. पण नवे येऊ लागले. कुणीतरी मुंजीची पत्रिका टाकली, कुणी घराची किल्ली शेजारी ठेवल्याचं लिहिलं. झालं होतं असं की जुने मालक सिम बंद पडल्यावरही घरच्या वायफायवर तेच व्हॉट्सॲप वापरत होते. सिम गेलं तरी व्हॉट्सॲप चालू राहिलं होतं, म्हणून सगळं ठीक आहे असं त्यांना वाटत राहिलं. मी नोंदणी केली त्या क्षणी ते त्यांच्या फोनमधून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी मी आत आले. त्यांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला असता तर मला तो विचारला गेला असता आणि मी सात दिवस तरी आत जाऊ शकले नसते. वापरात नसलेलं खातं असेल तर गोष्ट वेगळी: ४५ दिवस बंद राहिलं आणि मग नव्या फोनवर सुरू झालं तर जुना फोटो वगैरे पुसला जातो, १२० दिवसांनी खातंच काढून टाकलं जातं. वापरातलं खातं मात्र तसंच्या तसं पुढच्या माणसाच्या हाती पडतं.

दोन्ही ग्रुपमध्ये मी लिहिलं, "हा नंबर आता माझ्याकडे आहे, मी तुमच्या ओळखीची नाही, कृपया त्यांना कळवा," आणि बाहेर पडले. कॉलनीच्या ग्रुपमधल्या एकाने मलाच ठग समजून ब्लॉक केलं. मला त्याचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं.

डबे आणि पिशव्या मागवायला खरेदीच्या एका ॲपवर नवं खातं काढायला गेले. नंबर टाकला, ओटीपी टाकला, आणि नवं खातं निघण्याऐवजी मी त्यांच्या खात्यात शिरले. घरचा पत्ता, मुलाचा परदेशातला पत्ता, मागच्या ऑर्डरी, वॉलेटमध्ये थोडी रक्कम. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. 'ओटीपीने लॉगिन' ही सोय आपल्याला फार आवडते, पण तिथे ज्याच्या हातात नंबर तोच मालक.

मालकांपर्यंत पोहोचायचा रस्ता अखेर गॅसने दाखवला. एका सकाळी पोह्यांची फोडणी चालू असताना फोन आला, "भाभीजी, सिलेंडर लेके खड़ा हूँ, कोड बताइए." मी म्हटलं, कुठे उभे आहात? सुदामा नगरमध्ये. मी तिथे राहत नाही. डिलिव्हरीचा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, म्हणजे सिलेंडर त्यांच्या दारात आणि कोड माझ्या हातात. मी त्याला म्हटलं, घरात जे असतील त्यांना फोन द्या. आतून एक मुलगी आली. मराठी ऐकून जरा सैल झाली. घर तिच्या मामाचं. मामा-मामी मुलाकडे कॅनडाला गेलेले, सिम रिचार्ज करायचं राहून गेलेलं.

कोड मी दिला. दारात सिलेंडर होता, माणूस होता, पत्ता जुळत होता. मात्र दोन दिवसांनी मामांचाच व्हॉट्सॲप कॉल आला, नव्या कॅनडाच्या नंबरावरून, आणि खरा पेच तिथे सुरू झाला.

ते म्हणाले, "बँकेत नंबर बदलायचाय. नेटबँकिंगमधून होतं, पण ओटीपी जुन्या नंबरवर येणार. आला की तेवढा सांगाल का?"

माणूस खरा वाटत होता. आवाज वयस्कर, बोलणं आपल्याकडचं, भाचीचं नावही बरोबर. तरीही मी नाही म्हटलं. ते रागावले. "मग माझे पैसे अडकले म्हणायचे!" मी त्यांना समजावलं की काका, हेच वाक्य एखादा चोरही असंच म्हणेल. तुमचा नंबर माझ्याकडे आहे हे आता दोन ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणी तुमच्या नावाने फोन केला आणि मी ओटीपी दिला तर तुमचं खातं रिकामं होईल, आणि पोलिसांना सापडेल तो माझा नंबर, माझं आधार. आता त्यांनी खातं गोठवायला सांगावं, शाखेत ईमेल करावा, आणि परत आल्यावर स्वतः जाऊन अर्ज द्यावा, असं ठरलं. काका आले, शाखेत गेले, मग माझ्या आग्रहावरून आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन तिथलाही मोबाइल बदलला. त्यानंतर रामबागेत आमच्याकडे येऊन गेले. रागाचा विषय दोघांनीही काढला नाही.

आधारचा नंबर बदलणं मी एवढं लावून का धरलं, ते नीट सांगते. यूपीआय ॲप सुरू करताना फोन आपोआप एक एसएमएस पाठवतो आणि बँक त्या नंबराला जोडलेली खाती पुढे मांडते. सिम माझ्याकडे, म्हणजे खातं त्यांचं असलं तरी दार माझ्यापुढे उघडतं. पिन ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, ती माझ्याकडे नाही, म्हणून एक अडसर राहतो. पण पिन आधारनेही ठेवता येतो: आधारचे पहिले सहा आकडे आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. तोही मोबाइल हाच असेल तर? आधारची झेरॉक्स आपण हॉटेलापासून सोसायटीपर्यंत किती ठिकाणी दिलेली असते!

सरकारी बाजूने काही झालेलं नाही असं नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी असते, तिला मोबाइल नंबर रिव्होकेशन लिस्ट म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ती वापरून आपल्या नोंदी स्वच्छ करायला सांगितलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआयवाल्यांना ३१ मार्च २०२५ पासून आठवड्यातून किमान एकदा नोंदी ताज्या करायला लावलं. चांगलंच आहे. पण लॅब, गॅस एजन्सी, खरेदीचं ॲप यांना हे आदेश लागू नाहीत, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उघडं पडलं ते तिथूनच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाच विषय आला होता, तेव्हा नंबर सोडताना आपली माहिती सांभाळणं हे ग्राहकाचंच काम आहे, असा सूर निघाला. तरुण, हुशार ग्राहकासाठी ते ठीक. पण सत्तरीच्या माणसाला नंबर कुठेकुठे जोडलाय हे आठवत तरी असतं का? नंबर परत विकण्याआधी 'हा पूर्वी वापरात होता' एवढं दुकानातच सांगायची सक्ती कंपनीवर हवी, हे माझं ठाम मत आहे.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नव्या ग्राहकांना मिळू शकणारे २५९ नंबर तपासले, त्यातले १७१ कुठल्या ना कुठल्या प्रसिद्ध वेबसाइटवरच्या जुन्या खात्याला जोडलेले निघाले.

कुणी दुसऱ्याच्या नावावरचं चालू सिम 'घेऊन टाक, स्वस्तात आहे' म्हणत असेल तर ते अजिबात घेऊ नका. माझं सिम निदान माझ्या नावावर होतं. दुसऱ्याच्या नावावरच्या सिमचा मूळ मालक केव्हाही डुप्लिकेट सिम काढू शकतो. तुमचं सिम त्या क्षणी मरतं आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. उलट तुमच्या नावावर कुणी सिम काढलंय का, ते दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम असू शकतात, म्हणून एकदा बघून घ्याच.

आता माझी नणंद नवा नंबर घेत होती, तेव्हा आम्ही दुकानातच, घ्यायच्या आधी, माझ्या फोनवरून तपासलं. ट्रूकॉलरवर नाव येतं का, व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो का, यूपीआय ॲपमध्ये पैसे पाठवायला नंबर टाकला तर कुणाचं नाव येतं का. पहिले दोन नंबर यातच बाद झाले. दुकानदार जरा वैतागला, पण तिसरा स्वच्छ निघाला.

आजची स्थिती: माझ्या ऑर्डरी याच नंबरवर चालतात, बँक माझ्या घरच्या जुन्याच नंबरवर आहे. पेन्शनचे मेसेज थांबले, लॅबचेही थांबले. विम्याच्या हप्त्याचा मेसेज अजून येतो, तो मी काकांना पाठवते आणि प्रत्येक वेळी विमा कंपनीत जाऊन या म्हणून सांगते. पुढच्या वेळी कॅनडाला जाताना ते इथल्या नव्या सिममध्ये शिल्लक ठेवून जाणार आहेत, आणि भाची महिन्यातून एकदा त्यावरून फोन लावणार आहे.