तीस टाकलं की १९३०! पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर आमच्या पतसंस्थेत नवीन सॉफ्टवेअर बसवलं. संस्था सोलापुरात, अशोक चौकाच्या अलीकडं, सभासद बहुतेक यंत्रमागवाले नाहीतर विडी कामगार बायका. सॉफ्टवेअर लोकल माणसाचं, नाव घेत नाही, आत मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसचा डेटाबेस आहे.

आधी चांगलं सांगतो. पासबुक पटकन छापतं, पिग्मीचा हिशोब दहा मिनिटांत जुळतो, लाईट गेली तरी फाईल एकदाही खराब झाली नाही. बास, आता तारखेचं.

जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरला होता तेव्हा एक मावशी आल्या, मजुरीतून साठवलेले वीस हजार पाच वर्षांसाठी ठेवले. मुदत संपायची तारीख हातानं टाकावी लागते (हेच मुळात चूक), मी टाकलं १७/०१/३०. एंटर मारलं तरी स्क्रीनवर १७/०१/३० च, पावतीवरपण तेच, मग कुणाला शंका यायची?

जुलैत मॅनेजर साहेबांनी पुढच्या मुदतींची यादी मागितली. ०१/०४/२५ पासून ३१/०३/३० पर्यंत टाकलं तर यादी कोरी. म्हणलं ठेवी गेल्या कुठं, मग नुसतं ०१/०१/३० ते ३१/१२/३० शोधलं तर एकेचाळीस ठेवी समोर! शेजारच्या टेबलावरच्या अक्कांनी तेच पूर्ण २०३० लिहून शोधलं तर शून्य. शेवटी फॉरमॅट बदलून वर्ष चार आकडी केलं आणि दिसलं, मावशींची ठेव १७/०१/१९३० ला संपलेली. टाकतानाही तीसचं १९३० आणि शोधतानाही १९३०, दोन्हीकडं एकच चूक म्हणून जुळत होतं, आणि मी सहा महिने खुशीत.

डेव्हलपरला फोन केला तर म्हणाला नियम माझा नाही, मायक्रोसॉफ्टचा. घरी बघितलं तर खरंच, ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९, एक्सेलमध्येपण हेच. मायएसक्यूएल म्हणून दुसरा डेटाबेस आहे, त्याची रेघ वेगळी, तिथं ६९ पर्यंत दोन हजार आणि ७० पासून एकोणीसशे. म्हणजे ३० चा अर्थ कुठल्या सॉफ्टवेअरला विचारताय त्यावर!

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये तारखेच्या टॅबवर ही हद्द बदलता येते, म्हणून माझ्या पीसीवर २०७९ केली. दोन दिवसांनी नवीन सभासदाची जन्मतारीख ५५ टाकली तर वय उणे आलं. बरोबरच आहे की, १९८० ते २०७९ धरल्यावर ५५ म्हणजे २०५५. जुन्या सेटिंगवरपण १९२७ साली जन्मलेल्या आमच्या एका आजोबांचा २७ टाकला की २०२७ व्हायचं, म्हणजे आजोबा अजून जन्मालाच यायचेत आणि ज्येष्ठांचं जादा व्याज नाही! जन्मतारखेला मागची शंभर वर्षं लागतात, ठेवीला पुढची, आणि सेटिंग एकच. तेपण ज्याच्या त्याच्या पीसीचं, डेटाबेसचं नाही, त्यामुळे तीच तारीख माझ्याकडं एका शतकात आणि अक्कांकडं दुसऱ्या. आणि हद्द बदलली म्हणून आधी साठलेलं १९३० काही आपोआप २०३० होत नाही, त्या एकेचाळीस ठेवी पावत्या काढून एकेक दुरुस्त केल्या, एक अख्खा शनिवार गेला.

चूक माझीपण आहे, हात दोन आकड्यांना सवकलेला. पण बॉक्सनं दोन आकडी वर्ष घ्यायलाच नको होतं, घेतलंच तर चार आकडी करून दाखवायला काय जातंय? पाचपैकी तीन स्टार. डेव्हलपर म्हणतोय गणपतीनंतर बदलून देतो, तोवर मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलीये, 'वर्ष पूर्ण लिहा'. साहेब चिठ्ठी वाचतात आणि दोनच आकडे टाकतात.